थंडीत काटा खोटं बोलतो

“काटा खोटं बोलतो,” असं म्हणून तो नखानं काचेवर टकटक करायचा. लातुरात विमान शिकवायची शाळा होती, तिथं मी गेटवर राखणदार. हा कॅप्टन पोरांचा मास्तर. तुम्हीबी असला एखादा माणूस बघितला असंल, बरोबर असतो आणि डोळ्यात खुपतो.

भर मे महिन्यात, सदरा घामानं पाठीला चिकटलेला, आणि हा बर्फाच्या गोष्टी सांगून राहिला. कडक थंडीत हवा आखडते म्हणे. मग उंचीचा काटा विमान वर दाखवतो, आणि ते असतं खाली. म्हणून ढगात नुसती यंत्रं बघून उतरताना नकाशात लिहिलेल्या उंचीत भर घालायची. न्हाई घातली तर डोंगर.

“सर, लातुरात कुठला बर्फ?” पोरं हसायची.

“तू काय जन्मभर लातुरातच उडणार आहेस?”

माझं पोरगं शिष्यवृत्तीवर तिथंच शिकत होतं. त्याची माय नांदेडला दवाखान्यात. डॉक्टरनं आशा सोडलेली. तिला एकच ध्यास, पोरगं पास झाल्याचा कागद डोळ्यानं बघायचा.

परीक्षा खोट्या विमानात. ते खोलीतच असतं, त्यात ढग, थंडी, डोंगर काय पायजे ते लावता येतं. कॅप्टननं हिमालयाची थंडी लावली. पोराचं ध्यान दवाखान्यात. भर घालायची राहिली.

“संपलं. डोंगरात गेलास. नापास.”

मी टोपी काढून त्याच्याफुडं उभा राहिलो. “सायेब, ती लई दिवसांची न्हाई. सही करा. मागून पायजे तेवढ्या परीक्षा घ्या.”

“मामा, तुमच्या बायकोला कागद दाखवीन. उद्या विमानात ह्याच्या मागं बसणाऱ्या माणसांच्या बायकांना काय दाखवू?”

“माणूस हाईस का दगड?” मी तोंडावर म्हणलो.

ती गेली. जलदान विधीला हा आला. “मांडवात यायचं न्हाई,” मी म्हणलो. तो बाहेर उन्हात उभा राहिला. पोरगंच तांब्या घेऊन गेलं. पाणी पिऊन त्यानं पोराचा दंड धरला, कानाशी काहीतरी बोलला. नंतर कळलं, फेरपरीक्षेची तारीख सांगून राहिला होता. मयताच्या घरी!

पोरगं पास झालं. कागदावर सही कॅप्टनचीच. आता ते बर्फाच्या मुलखात विमान उतरवतंय. कॅप्टन शाळा सोडून कुठं गेला, मी इचारलं न्हाई.

“बाबा, सर बरोबर होते,” पोरगं म्हणतं.

हाव, होते. तो कागद पोरानं चौकट करून मायच्या फोटोखाली टांगलाय. मी तिकडं पाठ करून जेवतो.