शेवंतावैनीची जागा

मिरकरवाड्यातल्या कोलंबी सोलायच्या शेडमध्ये एक रीत होती. जिचा टब आधी रिकामा होईल, तिने शेजारणीच्या टबात हात घालायचा. विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत. कमळाच्या ती अंगवळणी पाडली शेवंतावैनीने. वैनी तापाने गेली, तेव्हापासून कमळाच्या डावीकडची जागा रिकामीच होती. मेलं कोण बसणार तिथे!

तरी कमळा मागे पडली की तिच्या टबातली कोलंबी भराभर कमी व्हायची आणि डाव्या मनगटाला बर्फाहून गार काहीतरी घासून जायचं.

आज भर दुपारी कमळाचंच काम आधी आटपलं. सवयीने तिने डावीकडे पाहिलं. वैनीच्या जागेवर कोलंबीने भरलेला टब होता.

तो कुणाचा, हे कमळाने विचारलं नाही. पदर खोचून तिने त्यात हात घातला.