चंद्रशेखर वाफेचं यंत्र घेतो

न्यूनेनसारख्या डच गावात माणसाला उत्साह चढावा असं फारसं काही घडत नाही. रस्ते झाडलेले, कुंपणं कापलेली आणि रविवारी अशी शांतता की कुकरची शिट्टी झाली तरी शेजारी खिडकीतून बघतो. अशा गावात यंदाच्या मार्चमध्ये चंद्रशेखर असा काही हिंडत होता की लोकांना वाटावं, याला लॉटरी लागली. लॉटरीबिटरी काही नव्हती. त्याने सिगरेट सोडायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी व्हेप, म्हणजे वाफेची ई-सिगरेट, घ्यायचं ठरवलं होतं. सिगरेट सोडण्याचा आनंद कुणालाच होत नाही. पण नवीन वस्तू पारखून निवडण्याचा होतो, आणि त्या बाबतीत चंद्रशेखर म्हणजे उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

पोटापाण्यासाठी तो आइंडहोव्हनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टीतल्या चुका काढायच्या, आणि त्याचा पगार घ्यायचा. पुण्यातही तो हेच करायचा, फक्त तिथे त्याला कमी पगारात जास्त चुका मिळायच्या. ही सवय ऑफिस सुटल्यावर सुटत नाही. मिक्सर घ्यायला गेला तर झाकण पाच वेळा लावून काढून बघतो. सेल्समन म्हणाला की अमुक होतं, की याचं ठरलेलं उत्तर, "करून दाखवा." बायको ललिता म्हणते, आमचं लग्न जमलं तेव्हा याने मला कसं काय बिनतपासणीचं पास केलं कोण जाणे.

व्हेपचं खूळ डोक्यात शिरलं ते शिवाजीकाकांच्या फोनमुळे. आइंडहोव्हनकडच्या मराठी बौद्ध मंडळींची चौदा एप्रिलची जयंती दर वर्षी एका भाड्याच्या हॉलमध्ये होते आणि तिथे बुद्धवंदना घ्यायचा मान इतकी वर्षं काकांचा. यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ते मास्ट्रिख्टला मुलीकडे अडकले होते. "जयभीम शेखर," काका म्हणाले, "यंदा वंदना तू घे. तुझा आवाज चांगलाय, आणि पाठही आहे." चंद्रशेखरला इतका आनंद झाला की तो फोनवर बोलता बोलता उभा राहिला.

जेवताना त्याने ही बातमी सांगितली. त्यांची मुलगी धम्मदीपा अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं. मुलांची रांग वंदना घेणाऱ्याच्या अगदी शेजारी उभी राहते, म्हणजे यंदा ती बापाशेजारी असणार. तिने विचारलं, वंदनेतल्या पाचव्या शीलात, त्या नशेपासून दूर राहायच्या, सिगरेट येते का? चंद्रशेखर म्हणाला, "सुरा, मेरय, मज्ज... त्यात तसं सिगरेटचं नाव नाही." तिने भाताचा घास गिळला आणि हवामान सांगावं तसं सांगितलं, "ये स्टिंक्ट, पप्पा." तुम्हाला वास येतो, पप्पा. रागावून नाही, चिडवून नाही. आणि खुर्ची थोडी सरकवून ती जेवत राहिली.

ती सरकलेली खुर्ची चंद्रशेखरला फार लागली. तिथल्या तिथे त्याने जाहीर केलं, "जयंतीच्या आत सिगरेट बंद. नाही झाली तर मी वंदना घेणार नाही. काकांना सरळ सांगेन, दुसरा माणूस बघा." ललिताने वरणाचा डाव खाली ठेवून त्याच्याकडे बघितलं. तो जे बोलतो ते करतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तिला काळजी वाटली.

हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, तो जाऊन आला. निकोटिनच्या पट्ट्या त्याने आधी दोनदा लावल्या होत्या आणि दोन्ही वेळा पट्टी दंडावर आणि सिगरेट तोंडात अशी स्थिती झाली होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की काहीच न ओढणं सगळ्यात उत्तम. व्हेप घ्यायचंच असेल तर सिगरेटच्या बदल्यात, सिगरेटच्या जोडीला नाही, आणि तेही पुढे सोडण्यासाठी. चंद्रशेखरने मान डोलावली. "दुधाची तहान ताकावर," तो घरी येऊन ललिताला म्हणाला, "आणि मग ताकही पातळ करत जायचं."

मग काय विचारता! अभ्यास सुरू झाला. जेवताना व्हिडिओ, दात घासताना व्हिडिओ. बॅटरी किती, टाकी केवढी, कॉइल म्हणजे निकोटिनचा रस तापवणारी ती बारकी तार बदलता येते की नाही. ऑनलाइन विक्रीला इथे बंदी आणि तंबाखूशिवाय दुसरा स्वाद नाही, हे कळल्यावर तर तो जास्तच खुलला. म्हणजे दुकानात जाऊन, हातात घेऊन, प्रश्न विचारून घ्यायचं! बुइटनव्हेल्डर्टला राहणाऱ्या गौरवचा, त्याच्या जुन्या मित्राचा, सल्ला आला की घ्यायचं तर टॉपचं घे, रंगीत स्क्रीनवालं. "मला सिगरेट सोडायचीय," चंद्रशेखर म्हणाला, "विमान नाही उडवायचं."

शनिवारी सकाळी नवरा-बायको सायकलींवरून आइंडहोव्हनला निघाले. वारा तोंडावर होता, तरी हा पुढे. ललिता विद्यापीठात संशोधन करते. तिचं डच त्याच्यापेक्षा कितीतरी बरं आहे, म्हणून तिला बरोबर घेतलं होतं. दुकानावर पाटी होती, डाम्पविंकेल. डाम्प म्हणजे वाफ. "वाफेचं दुकान," चंद्रशेखर पाटी वाचून म्हणाला आणि सायकलीला कुलूप लावायलाच विसरला. ललिताने लावलं.

दुकानाच्या मालकीणबाईंचं नाव मारियान. साठीच्या, जाडजूड चष्मा, आवाज भरदार. चंद्रशेखरने सगळ्यात स्वस्त यंत्राकडे बोट दाखवलं. मारियानबाईंनी ते काढलं आणि बाजूला ठेवलं. याच्या कुप्या भरलेल्याच मिळतात, संपली की फेकायची आणि नवी घ्यायची, आणि कुप्या महाग. यंत्र स्वस्त, चालवणं महाग, असं त्या म्हणाल्या. चंद्रशेखरच्या चेहऱ्यावर हर्ष मावेना. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" तो ललिताला म्हणाला. "हेच मी म्हणत होतो!" तो हे कधीच म्हणाला नव्हता.

मग बाईंनी एक साधं यंत्र त्याच्या हातात दिलं. बोटभर लांब, बटण नाही, स्क्रीन नाही. कुपी स्वतः भरायची, कॉइल तेवढी बदलायची, फोनच्याच वायरने चार्ज करायचं. नवीन माणसाला एवढं पुरे. त्याने कुपी काढली, लावली, काढली, लावली, प्रकाशात धरून बघितली. "करून दाखवा," तो म्हणाला, ललिताने त्याचं सभ्य डच केलं, आणि बाईंनी नमुन्याची कुपी भरून दाखवली. भरल्यावर दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर तार कोरडी जळते आणि घसा सोलवटतो. ओढायचं हळू, सिगरेटसारखं खेचायचं नाही. चंद्रशेखर पहिल्या बाकावरच्या मुलासारखा ऐकत होता.

शेवटी रसाची बाटली निवडायची वेळ आली. "निकोटिन किती घालायचं ते तुमच्यावर आहे," बाई म्हणाल्या. "दिवसाला किती ओढता?"

प्रश्न सोपा होता. पण ललिता शेजारी उभी होती. आपल्याकडे व्यसनाचा आकडा बायकोसमोर सांगायची पद्धत नाही. डॉक्टर विचारोत, सासरा विचारो, उत्तर एकच, कधीतरी एखादी. झाकली मूठ सव्वा लाखाची. चंद्रशेखर घरी दोन-तीन सांगायचा, ललिता मनात चार-पाच धरायची, आणि दोघांची बँकेतली खाती वेगळी असल्यामुळे गाडं सुखाने चाललं होतं. त्याने हसून उत्तर दिलं, "आफ एन टू." अधूनमधून.

"छान," मारियानबाई म्हणाल्या आणि त्यांनी सगळ्यात सौम्य बाटली काढून दिली.

त्या संध्याकाळी घरात नुसता सोहळा. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये त्याने कुपी भरली, दहाच्या जागी पंधरा मिनिटं थांबला आणि पहिला झुरका घेतला. वाफ निघाली, वास जेमतेम. "जमलं!" तो शेडच्या खिडकीतून ओरडला. शिल्लक पाकीट त्याने ललितासमोर चुरगाळून कचऱ्यात टाकलं. धम्मदीपा अंगणात येऊन त्याचा स्वेटर हुंगून गेली आणि काही बोलली नाही. हे त्याला प्रशस्तिपत्रकासारखं वाटलं.

सोमवारी त्याच्या तोंडातून यंत्र निघेना. मंगळवारी डोकं ठणकायला लागलं आणि ऑफिसच्या सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये तो एका गरीब ज्युनियरवर उगाच खेकसला. यंत्रात बिघाड असणार, नक्कीच. त्याने कॉइल बदलली. कुपी धुतली. वायर बदलून बघितली, बॅटरी संपवून पुन्हा भरली. प्रत्येक भाग एकेक करून तपासला, अगदी शास्त्रशुद्ध. यंत्र निर्दोष होतं. आणि ऑफिसच्या सायकल-स्टँडमागे त्याने एका पोलिश सहकाऱ्याकडून सिगरेट मागितली, मग आणखी एक, आणि गुरुवारी खिशात पुन्हा पाकीट होतं. आता सिगरेटही आणि व्हेपही. डॉक्टरीणबाईंनी करू नका म्हणून सांगितलेलं तेवढंच त्याने नेमकं केलं होतं. जयंती तोंडावर आलेली. काकांना नाही म्हणायला तो फोन हातात घ्यायचा आणि परत ठेवायचा.

शुक्रवारी धम्मदीपाने त्याच्याकडून वंदना म्हणवून घ्यायला सुरुवात केली. ती पुस्तक धरून बसली, हा हात जोडून म्हणत होता. तीन शीलं झाली. "मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि," त्याने चौथं म्हटलं. तिने पुस्तकातून डोकं वर केलं. मुसावादा म्हणजे काय?

"खोटं बोलणं," चंद्रशेखर म्हणाला. "खोटं बोलण्यापासून मी दूर राहीन."

ती पाचव्याकडे वळली. पण याची गाडी चौथ्यावरच अडकली. महिनाभर तो पाचव्याला घाबरत होता, आणि वाटेत चौथं कधी मोडलं ते कळलंच नाही. आणि मोडलं काय, त्याच्यावरच सगळं बेतलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या माहितीवर शंका घेतली, त्याने स्वतःच दुकानात चुकीची माहिती भरली आणि मग यंत्राला दोष देत बसला. ऑफिसात एखाद्याने असं केलं असतं तर याने त्याला चहाबरोबर खाल्लं असतं. हसावं की रडावं ते त्याला कळेना. उरलेली वंदना त्याने कशीबशी संपवली.

"उद्या परत दुकानात जायचंय," त्याने ललिताला सांगितलं. "तू चल."

"बिघडलं?"

"चल तर खरं."

शनिवारी मारियानबाईंनी त्याला ओळखलं. कसं चाललंय, त्यांनी विचारलं. चंद्रशेखरने सौम्य बाटली काढून काउंटरवर ठेवली. ललिताकडे न बघता तो डचमध्ये म्हणाला की मागच्या वेळी मी नीट सांगितलं नाही. मी दिवसाला ओढतो, "ट्वे-एन-ट्विंतिख."

ललिता पुढे सरसावली. तिला बिचारीला वाटलं, याचं डच पुन्हा घसरलं. गोड हसून ती बाईंना म्हणाली, त्यांना ट्वे म्हणायचंय. दोन.

सुटायची केवढी छान वाट होती ती! मान हलवली की झालं असतं. सौम्य बाटली घेऊन घरी जायचं, चार दिवसांनी काकांना फोन करायचा, आणि पाकीट शेडमध्ये लपवायचं.

"ललिता," तो मराठीत म्हणाला, "दोन नाही. बावीस."

डच काय आणि मराठी काय, दोन्हीकडे आधी दोन आणि मग वीस. ऐकायला चुकायची सोयच नव्हती. तरी तिने विचारलं, "किती?"

"बावीस. कधी जास्त. ऑफिसात बहुतेक. घरी असलो की पाय मोकळे करायला जातो म्हणतो, तेव्हा."

ललिताच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली होती, हे त्याला दिसत होतं. इतक्या वर्षांत त्याने तिला कधी इतकं घाबरवलं नव्हतं. मारियानबाई चष्मा पुसत थांबल्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण दुकान चालवून त्यांना बरंच काही येत असावं.

मग ललिता वळली. "त्यांचं बरोबर आहे," ती बाईंना डचमध्ये म्हणाली, आणि आकडा तिने पुरता उच्चारला. "ट्वे-एन-ट्विंतिख."

"अच्छा, मग तर ही बाटली तुमच्यासाठी नुसतं पाणीच होती," मारियानबाई म्हणाल्या आणि दुसरी काढायला वाकल्या. यंत्र तेच चालेल, त्या खालूनच म्हणाल्या, रस तेवढा कडक हवा, आणि दर थोड्या दिवसांनी एक पायरी खाली. चंद्रशेखरला इतकं हलकं वाटलं की त्याला दुकानातच मोठ्याने हसू आलं. यंत्र चांगलं होतं! निवड बरोबर होती! फक्त माणूस तेवढा दुरुस्त करायचा राहिला होता.

बाहेर येऊन ललिता वाकून सायकलीचं कुलूप काढायला लागली. पाठीवर ऑफिसची बॅग, खिशात बाटली, असा तो उभा.

"आज सकाळपासून किती?" तिने मान वर न करता विचारलं.

"चार," तो म्हणाला.

ती उठली. डोळे लाल होते. तिने त्याच्या जाकिटाच्या खिशातून सिगरेटचं पाकीट काढून घेतलं, आणि तसाच हात पुढे धरून उभी राहिली. त्याला कळेना काय हवंय ते.

"ऑफिसच्या बॅगेतलं," ललिता म्हणाली. "आणि शेडमधलं कुठे ठेवलंयस ते घरी जाईपर्यंत सांग."

त्याने बॅगेतलं काढून दिलं, आणि सायकलवर बसता बसता सांगायला सुरुवात केली.