साखराबाई आठव्या मजल्यावर

साखराबाईंना मी बावीस वर्षं ओळखते. १९९४च्या जूनमध्ये त्या पाच वर्षांच्या वैजनाथचा हात धरून लातूरला आमच्या दारात आल्या. आदल्या वर्षीच्या भूकंपात औशाकडच्या त्यांच्या गावातलं मातीच्या जड छताचं माळवदाचं घर बसलं होतं. नवरा, सासू आणि थोरली मुलगी त्याखाली गेली. वैजनाथ आईच्या कुशीत होता, तेवढी दोघं जिवंत निघाली.

आमच्या मागच्या अंगणात त्यांनी पत्र्याची खोली घातली आणि खानावळ सुरू केली. पुढे शहरात शिकवण्यांचं पेव फुटलं, गावोगावची मुलं डॉक्टर व्हायला येऊ लागली आणि दहा ताटांची चाळीस ताटं झाली. दोन्ही वेळच्या मिळून तीनशे पोळ्या. हा आकडा मी रोजनिशीत लिहून ठेवला आहे. दोन हात इतकं करतात यावर नंतर माझाच विश्वास बसला नसता.

निजताना त्या उशाशी एक पेला पालथा घालत आणि त्यावर दुसरा. भूकंपानंतर त्या भागात घरोघरी असं करत. जमीन हलली की वरचा पेला पडणार, जाग येणार, माणूस बाहेर पळणार. हळूहळू लोकांनी ते सोडलं, साखराबाईंनी सोडलं नाही. आणि स्लॅबखाली तर त्या कधी पाठ टेकत नसत. मे महिन्यात पत्रा तापला की मी म्हणायची, "आत या, पंख्याखाली पडा घटकाभर." त्या उंबऱ्यापर्यंत येत आणि तिथेच बसत.

२०१६च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी नव्हतं. दहा दिवसांनी टँकर यायचा. साखराबाईंचे गुडघे आधीच गेले होते, त्यात घागरी. एप्रिलमध्ये त्यांनी मुलांच्या आईवडलांना सांगून टाकलं, की जूनपासून खानावळ बंद. मला म्हणाल्या, "बाई, लई झालं आता. नातवंड मांडीवर घिऊन बसायचं, बस."

वैजनाथ नांदेडला एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. त्याने तिथे पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. सून उज्वला सहा महिन्यांची गरोदर होती. तिला आई नाही. बाळंतपण करायला साखराबाईंनी यावं आणि कायमचं राहावं, असं सगळ्यांच्या मनात होतं. सगळ्यांत जास्त त्यांच्याच. अडचण एवढीच, की वास्तुशांतीला गेल्या तेव्हा त्या रात्री खाली पार्किंगमध्ये बाज टाकून झोपल्या. इमारतीत चर्चा झाली.

मग वैजनाथने एक बेत काढला. नांदेडला एका हॉटेलच्या गच्चीवर, आठव्या मजल्यावर, नवीन रेस्टॉरंट झालं होतं. "काकू, माय तिथं दोन तास बसली तर पाचव्या मजल्याचं काय घेऊन बसलात?" तो फोनवर म्हणाला. "तुम्ही सोबत या. तुमचं ऐकते ती."

१५ मे, रविवार. लातूरहून गाडीने निघालो, पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. हवा भट्टीसारखी. उज्वला आणि मी लिफ्टने वर गेलो. साखराबाई म्हणाल्या, "त्या पेटीत मी न्हाई बसत," आणि ते गुडघे घेऊन आठ मजले चढल्या. वैजनाथ त्यांच्या मागे. पाऊण तास लागला.

"आली बाई तुझी सासू," वर आल्यावर त्या उज्वलेला म्हणाल्या. "एवढ्या वेळात मी दीडशे पोळ्या लाटल्या असत्या."

"म्हणूनच इथं आणलंय माय. इथं कुणाला वाढायचं नाही."

कठड्याला काच होती. पलीकडे गोदावरी, पाणी कमी आणि वाळूच जास्त. पुलावर दिवे लागत होते आणि दूर गुरुद्वारा पांढरा उजळला होता. साखराबाईंनी त्यातलं काही पाहिलं नाही. त्यांनी आधी वर पाहिलं.

"वर काय न्हाई," त्या म्हणाल्या. "आभाळच हाय. मग बरं हाय." आणि खुर्चीत टेकल्या. वैजनाथने माझ्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं.

वाढप्याने काचेच्या ग्लासात पाणी ओतलं. साखराबाईंनी ते पिऊन ग्लास पालथा घातला आणि त्यावर चमचा आडवा ठेवला. वाढपी आला, ग्लास सुलटा करून पुन्हा भरला. त्या पुन्हा प्यायल्या, पुन्हा पालथा. तिसऱ्या वेळी तो अदबीने म्हणाला, "आजी, पाण्याला वास येतो का? बाटलीचं आणू?"

"पाणी गोड हाय, लेकरा. तू किती पाजशील? आमच्याकडं दहा दिवस पुरतं एवढं."

उज्वला हसून हसून बेजार झाली. वैजनाथने मात्र चमचा उचलून बाजूला ठेवला. "हे काय करून राहिलीस, माय? लोकं बघतेत."

"बघू दे की. तुझं काय खातंय ते?" म्हणत त्यांनी चमचा परत ठेवला.

जेवण आलं. इवलीशी रोटी पाहून त्यांनी विचारलं, "पोरा, हे नमुना दाखवायला आणलंय का?" पण खाल्ली. एकदा खुर्चीला पाठ टेकून त्यांनी डोळेसुद्धा मिटले. बावीस वर्षांत कुणी वाढलेलं ताट त्यांच्यापुढे मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जमलं.

आठच्या सुमाराला कोपऱ्यातल्या चौथऱ्यावर एक मुलगा गायला उभा राहिला. मोठे स्पीकर होते. पहिला ठोका पडला आणि टेबल थरथरलं. चमचा काचेवर कडकड वाजला आणि घसरून खाली पडला.

साखराबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी उज्वलेचं मनगट धरलं आणि उठल्या. त्या गुडघ्यांत एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. मी खुर्चीतून उठेपर्यंत दोघी जिन्यात होत्या. वैजनाथ धावला. तिसऱ्या पायरीवर उज्वलेचा पाय निसटला. तिने कठडा धरला, वैजनाथने तिला धरलं.

"माय! गाणं हाय ते! गाणं!"

"ठाऊक हाय रे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मला बी ऐकू येतं. पाय ऐकत न्हाईत."

उरलेलं जेवण बांधून घेतलं. उज्वला आणि मी लिफ्टने उतरलो, मायलेक जिन्याने. खाली पार्किंगच्या दिव्यात साखराबाईंनी सुनेचा हात हातात घेतला. हिरव्या बांगड्यांपैकी दोन फुटल्या होत्या, मनगटावर रक्ताची रेघ होती.

"काचच हाय ना," वैजनाथ म्हणाला. "उद्या भरू नव्या. हळूहळू सवय होईल तुला. आज दीड तास बसलीस की!"

साखराबाई पदराने ती रेघ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला उचलून पळायचं हुतं त्या रातीला. मी पळाले न्हाई, उठेस्तोवर सगळं अंगावर आलं. तवापासनं पळूनच राहिलेय. उद्या तुझं बाळ माझ्या हातात असलं आणि वरच्या मजल्यावर कुणी खाट ओढली, तर? पाच मजल्यांचा जिना हाय, वैजू. मी न्हाई येत राहायला."

"मग खाली घर बघतो."

"हप्ते कोण भरील त्याचे? आणि खाली असलं तरी माझे पाय त्येच."

उज्वलेला रडू आलं. ती एवढंच म्हणाली, "माय, मग मला कोण?"

साखराबाईंनी तिला जवळ घेतलं. खरं लिहायचं तर, त्या लातूर सोडणार नाहीत म्हणून माझं मन क्षणभर हलकं झालं होतं. त्याची लाज वाटून मी गाडीत जाऊन बसले.

जूनमध्ये बारा मुलं घेऊन खानावळ पुन्हा सुरू झाली. ऑगस्टमध्ये नात झाली. आता साखराबाई रविवारी पहाटे मुलांच्या पोळ्या करून ठेवतात आणि पहिल्या एसटीने नांदेडला जातात. इमारतीच्या अंगणात सावलीला चटई टाकलेली असते. उज्वला बाळाला घेऊन खाली उतरते. त्या त्याला तेल लावतात, ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, धुरी देतात, आणि एकच्या बसने परत निघतात. आठ तासांचा प्रवास, तीन तासांची नात. काल मी विचारलं, एवढं कसं झेपतं? "न्हाई झेपत," त्या कणीक मळत म्हणाल्या. "पण बसमध्ये झोप चांगली लागती."