चॉकलेटच्या बरणीशेजारच्या गोळ्या

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. धाकट्या दिरानं शर्ट खुंटीला अडकवला आणि तो दुपारचा आडवा झाला. खिशात भांगेच्या गोळ्या होत्या, चकचकीत कागदातल्या. पोरीनं खुर्चीवर चढून त्या काढल्या. दोन खाऊन तिसरी मला द्यायला आली. "गोड हाय," म्हणाली.

दिराला उठवलं, तर तो म्हणाला पाचक हाय, काई होत न्हाई. तासाभरात पोरीनं मान टाकली. डोळे उघडायची, पण मला ओळखेना. बीडला जाईपर्यंत जीपमध्ये मी तिच्या तोंडावर पाणी मारत होते. डॉक्टरांपुढं गोळीचा कागद धरला, म्हणून त्यांना लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं 'आई' म्हणून हाक मारली, तेव्हा कुठं मी रडले.

घरी आल्यावर आधी दीर गोळ्या आणायचा ती पानटपरी गाठली. चॉकलेटच्या बरणीला लागूनच या गोळ्यांची बरणी होती. टपरीवाला शांतपणे म्हणाला, "औषध हाय ते. लेकरू सांभाळायचं काम तुमचं."

मी ग्रामसभेत अर्ज दिला. गोळ्या लेकरांच्या नजरेआड ठेवाव्यात, लेकरांच्या हाती देऊ नयेत, आणि चॉकलेटसारखा कागद बंद करणारा कायदा सरकारनं करावा. सरपंच हसले. कायदे मुंबईत होतात, म्हणाले. नवऱ्यानं डोळ्यांनीच मला बस म्हणून खुणावलं. मी बसले नाही.

तेव्हा मागून एक म्हातारी उठली. तिची नात अशीच दिवसभर सुन्न पडली होती. नजर लागली समजून त्यांनी मीठमिरची उतरवली होती. "ती गोळीच असंल," एवढंच बोलून ती खाली बसली. मग बायाच बोलायला लागल्या, आणि सरपंचांना ठराव लिहून घ्यावा लागला.

गावापुरतं जमलं. बरणी आत गेली. कायद्याचा अर्ज आमदारांनी हसतमुखानं घेतला, फोटो काढला. पुढं काही नाही. मी वर्षातून दोनदा जाऊन विचारते. त्यांची माणसं मला पाहून आत निघून जातात.

दिराशी मी बोलत नाही. सासूबाई म्हणतात, झालं गेलं सोडून दे, लेकरू वाचलं ना. वाचलं ते डॉक्टरांमुळं. या घरातल्या, या गावातल्या कुण्या पुरुषामुळं नाही.