मंदु चक्र

आमच्या गावातून मळ्याकडं जायचं तर बैलबसणी चढावी लागते. हे काही डोंगराचं नाव नाही, डांबरी रस्त्याचाच एक चढ आहे. पूर्वी कापसानं भरलेल्या गाडीचे बैल तिथं हमखास बसायचे, म्हणून जुन्या लोकांनी नाव ठेवलं. आता ट्रॅक्टर आले, नाव तेच राहिलं. वर माळावर आमचा भाजीचा तुकडा आहे: भेंडी, वांगी, दोन ओळी मिरचीच्या. भेंडीचा नखरा मोठा. दव असताना तोडली तर सरळ वागते. उन्हं चढल्यावर तोडली की टोपलीतच मान टाकते, आणि दुसऱ्या दिवसावर ढकलली की जून होते. मग बाजारात गिऱ्हाईक टोक मोडून पाहतं आणि पुढच्या बाईकडं जातं. म्हणून मी रोज तांबडं फुटताना सायकल काढते.

सायकल माझी आहे. घरची नाही, माझी. गावात लेडीज सायकलवर बसणारी या वयाची मी एकटी, आणि कोणी हसलं तर मी त्याला त्याच्या सात पिढ्यांची आठवण करून देते, त्यामुळं आता कोणी हसत नाही.

पण मागचा पावसाळा सरता सरता गुडघ्यांनी बंड पुकारलं. बैलबसणीच्या मध्यावर पोचले की आतून कोणी सुया टोचतंय असं व्हायचं. एकदा उतरले, सायकल आडवी टाकली आणि मैलाच्या दगडावर डोळे मिटून बसले. नेमका आमचा मुलगा मोटरसायकलवरून तिथून चालला होता. त्यानं मला उठवलं, घरी आणलं आणि ओसरीवर बसवून निकाल देऊन टाकला.

"आई, सायकल बंद. मी तुले नेऊन सोडत जाईन."

"कवा?"

"ड्युटीवरून आलो का."

तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. हंगाम लागला की रात्रपाळी असते, घरी येऊन तोंड धुऊन चहा होईस्तोवर सूर्य डोक्यावर. मी ते करून पाहिलं. टोपली घेऊन तयार होऊन ओसरीवर बसायचं आणि मोटरसायकलीच्या आवाजाकडं कान लावायचे. लहानपणी बसची वाट पाहावी तशी मी माझ्याच लेकराची वाट पाहत होते. मला इतका राग यायचा की काय सांगू! मागं बसून जायचं, दुसऱ्याच्या सवडीनं तोडायचं, दुसऱ्याच्या सवडीनं उतरायचं. बाजारात तर एकीनं माझी भेंडी मोडून पाहिली आणि म्हणाली, "मावशी, हे तर लाकूड हाय." त्या दिवशी मी ठरवलं, सायकलीला काहीतरी करायचं.

आता मी काही अडाणी नाही. घराला लागून आमची पिठाची गिरणी आहे. ती आमचे हे चालवतात, म्हणजे गादीवर बसतात. पट्टा घसरला की मीच चढवते. मोटरीवरची पुली लहान आणि जात्याकडची मोठी असली की जातं सावकाश फिरतं, पण ज्वारी कशीही असो, अडत नाही. सायकलीत तेच. पुढं पायडलचं चक्र मोटरीच्या जागी, मागचं जात्याच्या जागी. पुढचं लहान करायचं, मागचं मोठं करायचं. वेग जाईल, जाऊ दे. मला काय शर्यत लावायची आहे?

हे म्हणाले, "अवं, पुढचं मोठं कर. मोठ्या चाकात मोठी ताकद."

"तुमी गादीवर बसा," मी म्हटलं.

चेन सोडवून मी मागचं चाक काढलं आणि ते काखेत मारून बसनं आदिलाबादला गेले. आमच्या तेलंगणात बसमध्ये बायांना तिकीट नाही, पण चाकाला आहे का, यावर कंडक्टर बराच वेळ डोकं खाजवत राहिला. सायकलच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार तेलुगू. आता हिंदीत बोलले असते तर काम झालं असतं. पण माझं तेलुगू चांगलं आहे असा माझा समज होता. भाजी विकून विकून शिकले आहे. चाक दाखवलं आणि ऐटीत म्हणाले, "वेनका, पेद्ददि." मागं, मोठं. त्याला बरोबर कळलं. त्यानं मागचं दातेरी चक्र खोललं आणि मोठं बसवून दिलं. मला कोण आनंद! मग दुसरी मागणी केली, "मंदु, चिन्नदि." पुढचं, लहान.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी परत म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, "मंदु! चिन्नदि!" त्यानं रस्त्यापलीकडच्या दुकानाकडं बोट दाखवलं.

मला वाटलं, पुढची चक्रं तिकडं मिळत असतील. शहर आहे, मागचं एकाकडं, पुढचं दुसऱ्याकडं, असेल काही. चाक घेऊन रस्ता ओलांडला. आत बाटल्याच बाटल्या, पाटीवर कापसाच्या बोंडाचं चित्र. मी तिथंही तेच मागितलं. गल्ल्यावरच्या माणसानं विचारलं, "ये पुरुगु?" कोणती अळी?

"अळी काऊन?" माझ्या तोंडून मराठीच निघाली. "सायकलीले लागते!"

तो माणूस निघाला सीमेपलीकडचा, आपल्याच बोलीचा. आधी त्याला काही कळेना, कळलं तेव्हा त्याला गल्ल्याला धरून उभं राहावं लागलं. "मावशी, मंदु म्हंजे औषध. फवारनीचं. पुढचं म्हंजे *मुंदु*. अन् संध्याकाळच्याला मंदु मागसान तर लोक तुमाले दारूच्या दुकानात धाडतीन."

दुकानातले सगळे शेतकरी हसले. मी पण हसले असते, पण आधी मला चिडायचं होतं. मुंदु म्हणजे आधीसुद्धा, आणि इतकी वर्षं बाजारात मी "मंदु पैसे, मग भाजी" म्हणत आले होते! मग ते तेलुगू लोक मान डोलावून हसायचे, ते कशाला, हे आत्ता कळलं. तणतणत रस्ता ओलांडला आणि सायकलवाल्याच्या पुढ्यात चाक आपटून म्हटलं, "मुंदु! मु! मु!" त्यानं बिचाऱ्यानं निमूट लहान चक्र आणि पायडलचा दांडा धरणारी कॉटर पिन काढून दिली.

घरी आल्यावर हे सगळं मीच सांगितलं. दुसऱ्या कोणाकडून यांना कळण्यापेक्षा बरं. तेव्हापासून आमच्या घरात पुढच्या चक्राला मंदु चक्रच म्हणतात.

जुनी पिन निघता निघेना. डिझेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं, सकाळी गिरणीच्या हातोड्याचे चार घाव घातले तेव्हा सुटली. मागचं मोठं चक्र चेनकव्हरला घासायला लागलं, म्हणून कव्हराचा मागचा पत्रा कात्रीनं कापून दुमडला. पुढचा ठेवला, कारण पातळाचा काठ चेनमध्ये अडकला तर सगळीच कथा संपायची. बसले आणि अंगणात एक फेरी मारली. पाय असे भराभर फिरायला लागले की शेजारीण म्हणाली, "मायबाई, हे तं शिलाई मशीन झाली!"

त्याच दिवशी मी चढावर गेले आणि मध्यावर चेन पडली. पायडल रिकामं फिरलं, मी कुशीवर आदळले, नडगी सोलवटली. घरी आले तर मुलगा दारात.

त्यानं नडगी पाहिली. आवाज चढवला नाही, तेच वाईट वाटलं. "बस झालं, आई. पुढच्या बाजारी मी ही सायकल भंगारात घालतो."

"माझी सायकल हाय."

"अन् आई माझी हाय," तो म्हणाला आणि आत गेला.

मी तिथंच बसून रडले. नडगीसाठी नाही. हे गिरणी बंद करून आले, माझ्याशेजारी टेकले, चेन हातात घेऊन वर-खाली हलवून पाहिली. मग म्हणाले, "अवं, पट्टा ढिला असला तं आपली मोटर फिरते, जातं फिरते का?"

बघा! पुली बदलली की पट्टा बदलायचा असतो, हे मला ठाऊक होतं, मी कितीदा केलं आहे, आणि सायकलीत साफ विसरले. आम्ही दोघांनी खिळा आणि हातोडीनं चेनची एक जोडकडी काढली, चाक मागं ओढून नट आवळले. चेन ताठ झाली. मी यांना म्हटलं, "तुमी गादीवर बसा म्हटलं होतं ते मागं घेते." हे म्हणाले, "आता ऱ्हाऊ दे."

बाजाराच्या आदल्या दिवशी पाळी लवकर सुटली आणि मुलगा पहाटेच घरी आला. मी सायकल काढली आणि म्हटलं, "माझ्या मागून ये. बैलबसणीवर माझा पाय टेकला तर सायकल तुझी, भंगारात घाल नाहीतर चुलीत. नाई टेकला तर हा विषय परत काढायचा नाई."

तो आला. मी चढाला लागले. पाय फिरत होते, सायकल पुढं सरकत होती, सावकाश, इतकी सावकाश की बाजूनं चाललेली म्हैस माझ्या पुढं गेली. पण गुडघा गप्प होता. मैलाचा दगड आला, गेला. मागं मोटरसायकल पहिल्या गिअरात गुरगुरत होती, गचके खात होती. क्लच दाबायचा, सोडायचा, दाबायचा. मग एक गचका मोठा झाला आणि आवाजच बंद पडला. मी वळून पाहिलं नाही, पण बूट रस्त्यावर घासल्याचं ऐकलं. पाय टेकला होता, त्याचा.

वर पोचून मी उतरले. तो मागून आला, गाडी बंद केली. मी काही टोमणा मारणार होते, तयारच ठेवला होता. त्याच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि गिळला.

"त्या दिवशी तू दगडावर डोळे मिटून बसली होती ना," तो म्हणाला, "मले वाटलं, तू गेली."

मला इतके दिवस वाटत होतं, हा लोकांना लाजतो. तो घाबरला होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा, आणि त्यानंही फिरवू दिला.

"उतरताना ब्रेक धरून ये," तो म्हणाला. "हे तुझं मंदु चक्र उतारावर कामाचं नाई."

एरवी तो विचारायचा, कवा येऊ घ्यायला? या वेळी विचारलं नाही. गाडी वळवली आणि झोपायला घरी निघून गेला. मी टोपली काढली. भेंडीवर अजून दव होतं.