खोटा निघालेला रिपोर्ट

परवा साखर तपासायला गेलेलो, बोटाला स्पिरिट लावलं आणि त्या वासाने बायको आठवली. तिच्या जांघेत पुरळ उठलेलं, तेव्हा दिवा स्टेशनजवळच्या लॅबने रक्त तपासून हर्पीस लिहून दिलं. हा गुप्तरोग बाहेरून येतो, एवढंच मला ठाऊक. ती पोळ्या लाटत होती, तिथेच विचारलं, "कोणाकडून आणलास?" ती म्हणाली, "शरम नाही वाटत, या वयात विचारायला?" पाणी दोन दिवसांआड यायचं, तरी तिचे कपडे वेगळे भिजवायला लावले. दीड महिन्याने नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दुसरी तपासणी करवली, ती निगेटिव्ह आली. मी चिडलो, "मग खरा रिपोर्ट कुठला?" बाई म्हणाल्या, "दुसरा, काका. पहिला आकडा जेमतेम रेषेच्या वर होता, असा बऱ्याचदा खोटा निघतो. पुरळ घामाचं होतं. आणि रोग असता, तरी कोणाकडून आला हे रक्त सांगत नाही. तुमच्याकडूनही आला असता." रिक्षात बायको एवढंच बोलली, "कागदावर बसला ना विश्वास?" बायकोची माफी मागायची आमच्यात रीत नव्हती. ती वारली त्याला वर्ष झालं. लॅबची चूक दुसऱ्या लॅबने निस्तरली, माझी तशीच राहिली.