सरांसाठी आणलेला पेन

मित्रांनो, दुपारपासून हे लिहायचं टाळून राह्यलो. मधे दोन चहा झाले.

आज इचोड्याला आमच्या मराठीच्या म्हाताऱ्या सरांना भारीतला पेन द्यायला गेलो. काकू दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "त्याईले आता दिसत नाही, बाबू."

सरांनी पेन बोटांनी चाचपला. "चांगला हाये रे. थोडा पेपर वाचून दाखवतं का? रोज कोनाले म्हनू?"

"ट्रक सुटते सर, नागपूरले जायाचं हाये," म्हणत मी निघालो.

माझा ट्रक अजून इचोड्याच्याच ढाब्यावर उभा आहे, मी इथंच बसून लिहून राह्यलो. मला रडू येऊन राह्यलं.

आपल्या सरांना काय पाहिजे, हे तुम्ही कधी विचारलं का?

थांबा. काकूंचा हात धरून सर इथं ढाब्यावरच आले आहेत. काखेत पेपर आहे.